जेन्नरचा 'व्हायरस' आणि समासातलं प्रश्नचिन्ह

समासात पेन्सिलीने एक आकडा आणि एक प्रश्नचिन्ह होतं : '१७९८?' तिथून निघालेला बाण 'विषाणू' या शब्दाकडे जात होता, आणि त्या शब्दाभोवती गोल.

प्रूफ माझ्याच भाषांतराचं. एका मासिकाचा लसीकरणाच्या इतिहासावर विशेषांक निघायचा होता आणि एडवर्ड जेन्नरच्या १७९८च्या पुस्तिकेतली काही पानं मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. खूण करणारे आमचे मुद्रितशोधक. वय सत्तरीच्या पुढे, संस्कृत घेऊन बीए झालेले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. काका ऱ्हस्व-दीर्घ बघतात असा आमचा समज. खरं तर ते अर्थच बघतात, ऱ्हस्व-दीर्घ ही त्यांची सबब.

ज्या वाक्यावर खूण होती ते मी असं केलं होतं : "नाना प्रकारची रोगट द्रव्यं शरीरात शोषली गेली तर थोडेफार असेच परिणाम दिसतीलही, पण गाईच्या देवींच्या विषाणूचं विलक्षणपण असं, की ज्याला त्याची बाधा एकदा झाली तो माणूस पुढे देवीच्या लागणीपासून कायमचा सुरक्षित राहतो." मूळ इंग्रजीत त्या जागी 'काऊपॉक्स व्हायरस' असे शब्द आहेत. व्हायरस म्हणजे विषाणू, हे २०२०नंतर सांगायला कोश लागत नाही. मी फोन लावला.

"काका, मुळातच व्हायरस आहे."

"असेल. पण जेन्नरने विषाणू पाहिला होता का?"

"नाही."

"त्याच्या काळी दुसऱ्या कुणी?"

"नाही."

"मग त्याने लिहिला तो कोण?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. एका शब्दापायी अंक आठ दिवस रखडला, संपादिकाबाईंनी दोनदा कपाळाला हात लावला आणि मला लॅटिनच्या एका चार अक्षरी नामाच्या मागे रोमपर्यंत जावं लागलं. (रोमन लिपीत पाच अक्षरं. आपल्याकडे 'व्हायरस' लिहिताना जोडाक्षर मोजायचं कसं, यावर काकांचं वेगळं मत आहे.)

जेन्नरच्या हाती काय होतं

१४ मे १७९६. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरातलं बर्कली गाव. सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावर काट्याने ओरखडा गेला होता आणि धारा काढताना गाईच्या सडांवरच्या फोडांमधून तिथे लागण झाली होती. तिच्या हातावरच्या त्या फोडातलं पाणी जेन्नरने घेतलं आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या पोराच्या दंडावर, जेमतेम कातडीत शिरतील असे अर्ध्या इंचाचे दोन छेद देऊन त्यात सोडलं. पोराला थोडा ताप आला, काखेत दुखलं, दोन दिवसांत तो बरा झाला. १ जुलैला त्याच पोराला खऱ्या देवीच्या फोडातलं द्रव्य टोचलं. काही झालं नाही.

जेन्नरला दिसलं ते एवढंच : फोड, त्यातला द्रव, आणि तो द्रव एका अंगातून दुसऱ्या अंगात गेला की होणारा परिणाम. पुस्तिकेत या द्रवाला तो कधी 'मॅटर' म्हणतो, कधी 'व्हायरस'. दोन शब्दांत त्याने कुठे सीमारेषा आखलेली नाही. मी ज्या वाक्यावर अडलो त्याच वाक्यात सुरुवातीला 'मॅटर' येतं, मग 'व्हायरस', आणि शेवटाकडे पुन्हा 'मॅटर'. त्याचा असाही तर्क होता की हा सगळा प्रकार मुळात घोड्याच्या पायाला होणाऱ्या एका स्रावी रोगातून येतो. त्या घोड्याच्या टाचेला पट्टी बांधणारा माणूस तसाच हात न धुता गाईची धार काढायला बसतो आणि तिथून तो गाईला लागतो. या तर्काची पुढे बरीच टिंगल झाली. गंमत म्हणजे २०१७मध्ये अमेरिकेतल्या १९०२ सालच्या जुन्या लसीचं जनुकीय वाचन झालं, तेव्हा ती गाईपेक्षा घोड्याच्या देवीच्या विषाणूला जवळची निघाली.

पण तो आजचा विषाणू. जेन्नरच्या पानावर तो नव्हता, इथपर्यंत काकांचं बरोबर होतं. मग त्याच्या पानावर होतं ते काय?

रोमनांचा वीरुस

अठराव्या शतकातला इंग्रज डॉक्टर सहसा लॅटिन शिकलेला असे. त्यामुळे 'व्हायरस' हा त्याच्यासाठी इंग्रजी पेहरावातला लॅटिन शब्दच होता. लॅटिनमधला उच्चार 'वीरुस'. आणि रोमनांचा 'व' आपल्या 'व'सारखा, ओठ गोल करून म्हणायचा. इंग्रजी 'व्ही' दाखवायला आपण जो 'व्ह' लिहितो त्याची रोममध्ये कुणाला गरज पडली नसती.

वीरुस म्हणजे काय? कोशात पहिला अर्थ 'बुळबुळीत, चिकट द्रव' असा मिळतो, दुसरा 'विष', तिसरा 'उग्र, नकोशी चव किंवा वास'. तिन्हींना धरून ठेवणारी गोष्ट एकच आहे : अंगातून किंवा वस्तूतून पाझरणारं, किळस आणणारं, बाधणारं काहीतरी. कवी व्हर्जिल शेतीवरच्या काव्यात म्हणतो की जुपिटरने काळ्या सापांना दुष्ट 'वीरुस' दिलं. तिथे अर्थ सरळ सापाचं विष. त्याच काव्यात पुढे माजावर आलेल्या घोडीच्या अंगातून गळणाऱ्या चिकट स्रावालाही त्याने वीरुसच म्हटलंय. म्हणजे एकाच कवीकडे, एकाच काव्यात, विषही आणि लसलशीत स्रावही.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याचं उदाहरण वाचताना मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. मैत्रीवरच्या त्याच्या लेखनात अथेन्सच्या टायमनचा दाखला येतो. माणसांचा तिटकारा करणारा हा टायमन. सिसेरो म्हणतो, असल्या माणसालाही कुणीतरी हवाच असतो, ज्याच्यापुढे त्याला आपल्या कडवटपणाचं वीरुस ओकता येईल. क्रियापद 'एव्होमात', ओकणं. हे भाषांतर करायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. 'गरळ ओकणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, निवडणुका असल्या तर दिवसातून चारदा. सिसेरोकडून आपण तो घेतलेला नाही आणि त्याने आपल्याकडून घेतलेला नाही. सापाच्या तोंडचं बोलण्याला लावायची कल्पना दोघांना आपापली सुचली.

दुसरं एक उदाहरण वैद्यकातलं. सेल्सस हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला लेखक. पिसाळलेला कुत्रा चावला तर काय करावं, हे सांगताना तो लिहितो की 'कुकुर्बितुला' लावून त्याचं वीरुस ओढून काढावं. कुकुर्बितुला म्हणजे शब्दशः लहानसा भोपळा. आपल्या तुंबडीचंही नाव भोपळ्यावरूनच. तुंबडी लावून विष काढणं, हे वाक्य आजीच्या पिढीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

सेल्ससच्या या ओळीचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो या प्रकरणाशी थेट जुळतो. रेबीज हा विषाणूजन्य रोग. सेल्ससने तिथे 'वीरुस' लिहिलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांना विषाणू ठाऊक होता, असं लिहिणारे लोक आहेत. प्राचीनांना सगळं आधीच माहीत होतं, या आजाराची लागण फक्त आपल्याकडेच आहे असं समजायचं कारण नाही. सेल्ससला कुत्र्याच्या लाळेतलं विष म्हणायचं होतं, सापाच्या दातातल्यासारखं. शब्द तोच, पदार्थ वेगळा. माझ्या प्रुफावर मी जेन्नरच्या बाबतीत नेमकी हीच चूक केली होती.

विष आणि वीरुस : घराणं एकच

इथे काकांनी सूत्रं हातात घेतली. "वीरुसचं आणि आपल्या विषाचं नातं बघ," म्हणाले.

नातं आहे, आणि ते फक्त कानाला लागणाऱ्या सारखेपणाचं नाही. दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दातून आले, ज्याच्या मधोमध साधा 'स' होता. संस्कृतात इ, उ, र किंवा क-वर्गानंतर येणारा 'स' मूर्धन्य होतो. लतासु, पण अग्निषु, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. त्याच नियमाने इथे 'ष' झाला : विष. लॅटिनमध्ये दोन स्वरांमध्ये सापडलेला 'स' कालांतराने 'र' झाला : वीरुस. हा बदल केव्हाचा, याचा पुरावा सिसेरोच्याच एका पत्रात आहे. पापिरियस घराण्याचे लोक पूर्वी स्वतःला पापिसियस म्हणत. त्यांच्यातला ल्युसियस क्रासस हा नव्या पद्धतीने नाव सांगणारा पहिला, आणि तो इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. ग्रीकांनी तर सुरुवातीचा 'व' आणि मधला 'स' दोन्ही गमावले. त्यांच्याकडे उरलं 'ईओस'. अर्थ विष, आणि लोखंडावरचा गंजही. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हाच शब्द 'विश' असा भेटतो.

लिंगाचीही मजा आहे. संस्कृतात 'विषम्' नपुंसक, मराठीत 'ते विष' नपुंसक. लॅटिनमध्ये वीरुस ज्या वर्गात मोडतं त्या वर्गातली 'उस'ने संपणारी नामं सहसा पुल्लिंगी असतात. वीरुस मात्र नपुंसक. त्या वर्गात अशी हट्टी नामं जेमतेम तीन : वीरुस, वुल्गुस म्हणजे जमाव, आणि पेलागुस म्हणजे समुद्र.

आणि त्याचं अनेकवचन अभिजात लॅटिनमध्ये सापडतच नाही. दूध, तूप, विष यांचं अनेकवचन आपण तरी कुठे करतो? मोजायची वस्तूच नव्हती ती. विसाव्या शतकात 'व्हायरस' मोजता येण्याजोगा झाला तेव्हा इंग्रजीत 'व्हायरसेस' आलं, आणि लॅटिनची हौस असलेल्यांनी 'विरी', 'विरिई' अशी रूपं पाडली. यातलं पहिलं रोमनाने कागदावर वाचलं असतं तर त्याला 'पुरुष' असा अर्थ लागला असता. कारण लॅटिनमध्ये 'विर' म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊ. गोंधळ पाहा : संस्कृतात विष ऱ्हस्व आणि वीर दीर्घ, लॅटिनमध्ये वीरुस दीर्घ आणि विर ऱ्हस्व. वेलांटी चुकली की विषाचा माणूस होतो. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून चहा मागवला.

मराठीने ही अडचण नकळत सोडवलेली आहे. एक विषाणू, दोन विषाणू, हजार विषाणू. ऊकारान्त पुल्लिंगी, सरळ रूपात अनेकवचन तेच.

या घराण्यातला मराठीतला आणखी एक शब्द म्हणजे 'विखार'. जुन्या मराठीत विषाला 'विख' म्हणत. त्यातून विखार, आणि त्यातून विखारी टीका, विखारी प्रचार. इंग्रजीत ज्याला 'व्हिर्युलंट' म्हणतात तोही वीरुसचाच लेक, 'विरुलेंतुस'वरून आलेला. दोन चुलत भाऊ इतक्या पिढ्यांनी एकाच धंद्यात भेटले.

अणू कुठून आला

विष कळलं. राहिला अणू. 'विषाणू'त विष आहे आणि अणू आहे. जेन्नरच्या व्हायरसमध्ये विष असेल, पण अणू नक्की नाही. मग तो शिरला केव्हा?

१८८०मध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लिहितो तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'व्हायरस सौम्य करणे' असे शब्द आहेत. तो रोग जिवाणूचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ते शीर्षक चूक. पण त्या काळी कुठल्याही रोगाचं लागट द्रव्य म्हणजे व्हायरस. १८८४मध्ये पाश्चरच्याच प्रयोगशाळेतल्या शांबेरलांने न चकाकवलेल्या चिनीमातीची गाळणी केली, जिच्यातून जिवाणू पार होत नसत. रशियात इवानोव्स्कीने १८९२मध्ये रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्या गाळणीतून काढला. गाळलेला रसही नव्या पानांना रोग देत होता. गाळणीत खोट असेल, किंवा जिवाणूंनी सोडलेलं एखादं विष असेल, असं त्याला वाटलं. पुन्हा विषच.

मग १८९८. जेन्नरच्या पुस्तिकेला बरोब्बर शंभर वर्षं. हॉलंडमधल्या डेल्फ्टला बेयेरिंकने तोच प्रयोग पुढे नेला आणि दाखवलं की हे द्रव्य झाडात वाढतं, म्हणजे ते नुसतं विष नव्हे. त्याने त्याला लॅटिन नाव दिलं, 'कोन्तागियुम वीवुम फ्लुइदुम' : जिवंत, प्रवाही संसर्ग. आणि लिहिताना शब्द वापरला 'व्हायरस'. त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकुतीतही गाळणीतून पार होणारं असंच काही असल्याचं सांगितलं. आपल्या शेतकऱ्याने त्या रोगाचं नाव लाळ आणि खूर यांवरून ठेवलंय. सेल्ससला ते आवडलं असतं.

पण लक्षात घ्या, बेयेरिंकच्या मते ते 'प्रवाही' होतं. कण नव्हे, द्रव. म्हणजे विषाणूशास्त्र ज्याच्यापासून सुरू झालं असं मानतात त्याच्याही व्हायरसला 'विषाणू' म्हणणं त्याला मान्य झालं नसतं. पुढची काही दशकं 'गाळणीतून जाणारा व्हायरस' असं लांबलचक नाव चाललं. हळूहळू विशेषण गळालं आणि 'व्हायरस' एवढंच उरलं. उरलेल्या लागट द्रव्यांवरचा त्याचा हक्क सुटला. १९३५मध्ये वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या त्या व्हायरसचे स्फटिक बनवले, आणि १९३९मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काड्या प्रत्यक्ष दिसल्या. तेव्हा कुठे अणूला जागा झाली. १९५२मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उघडलं (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही), तोवर हा अर्थ पक्का झाला होता.

मराठी शब्द घडवणाऱ्याने मात्र एक अजब योग जुळवलाय. रोमन कवी ल्युक्रीशियस अणुवादी होता; जग अतिसूक्ष्म, न फुटणाऱ्या मूलकणांचं आहे असं तो मानत असे. समुद्राचं पाणी जमिनीतून पुन्हा पुन्हा गाळलं गेलं की गोड का होतं, हे सांगताना तो म्हणतो : ते मागे सोडून येतं 'ताएत्री प्रिमोर्दिया वीरी', ओंगळ वीरुसचे मूलकण. ते खरखरीत असतात, म्हणून मातीला चिकटून राहतात. इथे वीरुस म्हणजे खारट कडवटपणा, रोगबिग काही नाही. पण शब्दाला शब्द ठेवला तर 'वीरी प्रिमोर्दिया' म्हणजे विषाचे अणू. विषाणू. त्यात भर म्हणजे गोष्टही गाळण्याची! रात्री साडेअकराला मी हे काकांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "छान आहे. जेन्नरचं काय करतोस?"

लस नावाचा दावेदार

संपादिकाबाईंनी त्या आठवड्यात एक पर्याय सुचवला, आणि तो मला सुचायला हवा होता : 'लस'.

जखमेतून लस वाहते, फोडातून लस येते, असं आपण म्हणतो. पातळ, चिकट, पाझरणारं. वीरुसचा पहिला कोशगत अर्थ हाच. आणि इतिहासही बाईंच्या बाजूने होता. १४ जून १८०२ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं गेलं. भारतातलं हे पहिलं लसीकरण. तिला टोचलेलं द्रव्य व्हिएन्नाहून कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनी मुंबईला पोचलं होतं. तिच्या दंडावरच्या फोडातून ते आणखी मुलांना दिलं गेलं, आणि त्या साखळीने पुणे, सुरत असं पुढे गेलं. बर्फ नाही, कुप्या टिकत नाहीत. दंडावरून दंडावर, आठवड्या-आठवड्याने. इंग्रजी लिखाणात या द्रव्याला 'व्हॅक्सिन व्हायरस' म्हणत, म्हणजे गाईचं व्हायरस. लॅटिन 'वाक्का' म्हणजे गाय. मराठीत ती झाली लस. फोडातली लस हीच टोचायची लस, म्हणून शब्द सरकायला काही कष्टच पडले नाहीत.

आज व्हायरस आणि लस हे शत्रू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजीत ती एकच बाटली होती. याचा खूणपत्थर अजून अमेरिकेच्या कायद्यात उभा आहे : जनावरांच्या लसींवर तिथे देखरेख होते ती १९१३च्या 'व्हायरस-सीरम-टॉक्सिन' कायद्याखाली. त्या नावातला व्हायरस म्हणजे, आपल्या भाषेत, लस.

मराठीने वाटणी केली : रक्षण करणारीला लस म्हटलं, मारणाऱ्याला विषाणू. भाषा म्हणून हे सोयीचं. भाषांतरकार म्हणून माझी पंचाईत, कारण जेन्नर उभा आहे तो वाटणी व्हायच्या आधीच्या घरात.

'गाईच्या देवींच्या लसीचं विलक्षणपण असं' हे मी लिहून पाहिलं. अर्थ जुळतो, पण आजचा वाचक 'लस' म्हटलं की सुई, कुपी, प्रमाणपत्र बघतो. त्याला वाटेल, लस आधीच होती, मग जेन्नरने शोधलं काय? शिवाय जेन्नरने ते वाक्य टोचण्याबद्दल लिहिलेलं नाही. धारा काढताना आपोआप झालेल्या बाधेबद्दल लिहिलंय.

'विष' लिहून पाहिलं. शब्द म्हणून हा सगळ्यांत जवळचा. जेन्नरच्या कानात वीरुसचा जो अर्थ घुमत असणार तो हाच, द्रव्याच्या आत असलेली बाधण्याची ताकद. पण यावर बाईंचं म्हणणं रास्त होतं. "उद्या या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरेल," त्या म्हणाल्या, "'लसीचा जनकच लसीला विष म्हणाला' असं वर लिहून. मग तुम्ही कितीही टिपा द्या."

काकांनी 'विखार' सुचवला. 'गाईच्या देवींचा विखार'. कानाला फार गोड. पण मराठीत विखार आता माणसाच्या जिभेवरच राहतो, गाईच्या सडावर नाही. काकांनाही ते पटलं, फक्त लगेच नाही.

'व्हायरस' तसाच ठेवावा, हा चौथा पर्याय मीच मांडला आणि मीच मागे घेतला. व्हायरस लिहिला की वाचक मनात विषाणूच वाचणार. मूळ चूक वेगळ्या दाराने आत.

काय छापलं

शेवटी ठरलं ते असं. जेन्नरचं 'मॅटर' जिथे फोडातल्या प्रत्यक्ष द्रवाबद्दल आहे तिथे 'लस', पहिल्या वेळी 'फोडातली लस' असं उलगडून. 'व्हायरस' जिथे त्या द्रवातल्या बाधक शक्तीबद्दल आहे तिथे 'विष', पण एकटं नाही, 'लागट विष'. 'लागट' हा शब्द बाईंचा, आणि तो कामाचा निघाला : विष पिणाऱ्याला मारतं, लागट विष एकाकडून दुसऱ्याकडे जातं. वाक्य असं झालं : "नाना प्रकारची रोगट द्रव्यं शरीरात शोषली गेली तर थोडेफार असेच परिणाम दिसतीलही, पण गाईच्या देवींच्या लागट विषाचं अगदी विलक्षणपण असं, की ज्याला त्याची बाधा एकदा झाली तो पुढे देवीच्या लागणीपासून कायमचा सुरक्षित होतो." आता त्या वाक्यातलं नवल उघडं पडतं. विष आहे, आणि ते वाचवतंय. 'विषाणू' असताना ते वाक्य आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं वाटत होतं.

'विषाणू' मी फक्त प्रस्तावनेत ठेवला, जिथे बोलणारा मी आहे, जेन्नर नाही.

व्हॉट्सॲपची भीती मात्र तशीच राहिली. तिच्यासाठी त्याच पानावर, वाक्याच्या अगदी खाली, चार ओळींची टीप घातली. मागच्या पानावर ढकलली नाही, म्हणजे फोटो काढणाऱ्याला ती कापायला मुद्दाम हात चालवावा लागेल. टीप अशी : 'मूळ शब्द व्हायरस. लॅटिन विरुस, म्हणजे पाझरणारा बाधक द्रव, विष. जेन्नरच्या काळी कोणत्याही संसर्गजन्य रोगाच्या द्रव्याला हा शब्द लावत, टोचायच्या द्रव्यालासुद्धा. आजच्या अर्थाने विषाणू ही कल्पना त्याच्यानंतर शंभर वर्षांनी आली.'

टिपेचं प्रूफ काकांकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. चारी ओळींत एकच खूण. 'विरुस'वरची पहिली वेलांटी खोडून त्यांनी दुसरी दिली होती.